प्रभूचा शब्द आणि मंडळीचा निर्णय

(व्याख्यानमालेतील एका व्याख्यानाचे हे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)

नमस्कार मंडळी. ‘मंडळी’ हा शब्द मी आज मुद्दाम वापरतोय. सभेत आपण तो श्रोत्यांना उद्देशून सहज वापरतो. मराठी बायबलमध्ये मात्र चर्चला, म्हणजे इमारतीला नव्हे तर विश्वासणाऱ्यांच्या समुदायाला, ‘मंडळी’ म्हणतात. आजचा विषय त्या मंडळीचा आहे.

मागच्या व्याख्यानानंतर एक चिठ्ठी माझ्या हातात आली. खाली नाव नव्हतं. मजकूर साधारण असा होता : आमच्या चर्चमध्ये एक मोठा निर्णय घ्यायचा आहे. प्रार्थनेच्या वेळी एका बहिणीला संदेश आला, की प्रभूची इच्छा अशी अशी आहे. आता कमिटीत कोणी तोंड उघडायला तयार नाही. वेगळं मत मांडलं तर देवाविरुद्ध बोलल्यासारखं होतं, आणि गप्प बसलं तर मन खातं. सर, तुमचं तत्त्वज्ञान याबद्दल काही सांगतं का?

ही चिठ्ठी वाचल्यावर मी आजचा ठरवलेला विषय बाजूला ठेवला. दोन कारणांनी. एक म्हणजे प्रश्न खरा आहे, पुस्तकी नाही. दुसरं कारण माझ्या स्वतःच्या अनुभवातलं आहे, ते शेवटाकडे सांगेन. एक खुलासा आधीच करतो. देव बोलतो की नाही, हा आजचा प्रश्न नाही. मी स्वतः दर रविवारी चर्चमध्ये बसणारा माणूस आहे, तो बोलतो असं मी मानतो. आजचा प्रश्न त्यापुढचा आहे : देव बोलला असं एकजण म्हणतो, तेव्हा बाकीच्यांनी काय करायचं?

संदेश म्हणजे कौल नव्हे

आधी शब्द स्वच्छ करून घेऊ. इंग्रजीतल्या ‘प्रॉफेसी’ला आपल्याकडे पुष्कळ जण ‘भविष्य’ म्हणतात आणि तिथेच घोटाळा होतो. मराठी बायबलमध्ये ‘संदेष्टा’ हा शब्द आहे. संदेष्टा म्हणजे संदेश आणणारा. यशया, यिर्मया, आमोस ही माणसं पुढं काय होणार ते सांगतात खरी, पण त्यांचं बहुतेक बोलणं चालू काळाबद्दल असतं. तुम्ही गरिबाला लुबाडता आहात, राजानं चुकीचा करार केला आहे, अशा स्वरूपाचं.

दुसरं, संदेश आणि कौल यांत फरक आहे. कोकणात, गोव्यात देवाला कौल लावतात, प्रसाद लावतात. मूर्तीला पाकळ्या चिकटवायच्या आणि उजवी पडते की डावी ते बघायचं. तिथे प्रश्न माणसाचा असतो आणि उत्तर हो किंवा नाही एवढंच असतं. ख्रिस्ती परंपरेत असं काही नव्हतंच असं मात्र समजू नका. यहूदाच्या जागी बारावा प्रेषित निवडताना शिष्यांनी चिठ्ठ्याच टाकल्या आणि मत्थियाचं नाव निघालं. अठराव्या शतकात जर्मनीतल्या हर्नहूट इथल्या मोरावियन बंधूंनी तर हीच पद्धत मुरवली. नेमणुका, मिशनरी पाठवणं, अगदी लग्नंसुद्धा चिठ्ठी काढून ठरत. त्यांच्या चिठ्ठ्यांत एक ‘हो’ची असे, एक ‘नाही’ची आणि एक कोरी. कोरी निघाली तर आत्ता थांबा, किंवा तुम्ही विचारलेला प्रश्नच नीट नाही, असा अर्थ घ्यायचा. त्या कोऱ्या चिठ्ठीचं मला फार कौतुक वाटतं. ‘देव सध्या काही सांगत नाहीये’ असं म्हणायची सोय त्यांनी पद्धतीतच ठेवली होती.

संदेशात ही सोय नसते. तो माणसाच्या तोंडून, पूर्ण वाक्यात येतो. कोणी विचारलेलंही नसतं. आणि चिठ्ठीला चेहरा नसतो, संदेष्ट्याला असतो. त्याचं घर, त्याची मतं, त्याचे रागलोभ सगळ्या मंडळीला ठाऊक असतात. त्यामुळे संदेश तोलायचा म्हटलं, की माणसालाच तोलल्यासारखं वाटतं. अवघडलेपणा येतो तो तिथून.

पहिल्या मंडळीनं काय केलं

नव्या करारातली ‘प्रेषितांची कृत्ये’ घ्या. त्यात मंडळीचे निर्णय आणि संदेश यांचे चारपाच प्रसंग आहेत. त्यांतले तीन बघू.

पहिला अंत्युखियाचा, तेराव्या अध्यायातला. उपासना आणि उपास चालू असताना बर्णबा आणि शौल यांना वेगळं करा, असा पवित्र आत्म्याचा शब्द आला. लोकांनी लगेच त्यांना रवाना केलं नाही. पुन्हा उपास केला, पुन्हा प्रार्थना केली, मग हात ठेवून पाठवलं. तिथे एक नव्हे, पाच संदेष्टे आणि शिक्षक बसले होते, त्यांची नावंही दिली आहेत. म्हणजे शब्द एका गटात आला आणि गटानं तो घोळवला.

दुसरा यरुशलेमच्या सभेचा, पंधराव्या अध्यायातला. प्रश्न जिवावरचा होता. परराष्ट्रीय लोक ख्रिस्ती झाले तर त्यांची सुंता करायची की नाही? या एका प्रश्नावर मंडळी फुटली असती. पुष्कळ वादविवाद झाला, हे लूक लपवत नाही. पेत्र अनुभव सांगतो. बर्णबा आणि पौल घडलेल्या गोष्टी सांगतात. याकोब शास्त्राचा आधार देतो आणि तोडगा सुचवतो. शेवटच्या पत्रात निर्णयाचे धनी म्हणून पवित्र आत्म्याचं नाव घातलेलं आहे, आणि त्याच्या शेजारी स्वतःचंही. आता गंमत बघा. ते पत्र घेऊन जाणारे दोघे, यहूदा आणि सीला, संदेष्टे होते असं तोच अध्याय सांगतो. म्हणजे सभेच्या वेळी संदेष्टे हाताशी होते. त्यांच्याकडून एक संदेश घेऊन वाद मिटवता आला असता. पण निर्णय झाला तो युक्तिवाद, साक्ष आणि शास्त्र यांच्यावर. संदेष्ट्यांचं काम काय, तर झालेला निर्णय लोकांपर्यंत नेऊन त्यांना धीर देणं.

तिसरा प्रसंग एकविसाव्या अध्यायातला, आणि तो सगळ्यांत अवघड आहे. पौल यरुशलेमला निघालाय. वाटेत सोर इथले शिष्य आत्म्याच्या प्रेरणेनं त्याला सांगतात, जाऊ नकोस. पुढे कैसरियात अगब नावाचा संदेष्टा येतो. हा काही ऐरागैरा नाही. त्यानं पूर्वी दुष्काळाचं सांगितलं होतं आणि क्लौद्याच्या कारकिर्दीत तो पडलाही होता. अगब पौलाचा कमरबंद घेऊन स्वतःचे हातपाय बांधतो आणि सांगतो, या कमरबंदाच्या मालकाला असंच बांधतील. लोक रडायला लागतात. पौल ऐकतो आणि तरीही जातो.

मग पौलानं देवाची आज्ञा मोडली का? नीट वाचलं तर दिसतं, की अगबानं ‘जाऊ नकोस’ असं म्हटलेलंच नाही. बांधतील, एवढंच म्हटलंय. ‘म्हणून जाऊ नकोस’ हे ऐकणाऱ्यांनी जोडलं. त्यांचं प्रेम होतं, म्हणून जोडलं. पौलानं त्याच संदेशावरून उलटा निष्कर्ष काढला : बांधतील, ठीक आहे, मी तयार आहे.

इथे तीन गोष्टी वेगळ्या कराव्या लागतात. काय कळलं, त्याचा अर्थ काय आणि म्हणून करायचं काय. पहिली देवाकडून आली असं मानलं, तरी दुसरी आणि तिसरी आपोआप देवाकडून येत नाहीत. त्या माणसं करतात. आपल्या मंडळ्यांमध्ये या तिन्ही एकाच वाक्यात कोंबल्या जातात. ‘प्रभूनं मला सांगितलं, ही जागा घ्या.’ झालं. आता बोलायचं कुठे?

म्हणूनच पौल करिंथच्या मंडळीला नियम घालून देतो : दोघा-तिघांनी बोलावं आणि इतरांनी ते पारखावं. थेस्सलनीकाच्या लोकांना तो दोन्ही बाजूंनी सावध करतो. संदेशांना तुच्छ लेखू नका आणि पारखल्याशिवाय घेऊही नका. दोन्ही एकाच दमात.

लंडनमधली एक गोष्ट

आता जवळच्या काळात येऊ. आध्यात्मिक वरदानांच्या लाटा आपल्याकडेही येऊन गेल्या आहेत. १९०५ साली केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये झालेलं जागरण पुष्कळांना ठाऊक असेल. पण संदेशावर एका चर्चचा सगळा कारभार उभा राहिला तर काय होतं, हे बघायचं असेल तर १८३०च्या दशकातल्या लंडनला जावं लागतं.

एडवर्ड आयर्विंग. जन्म १७९२, स्कॉटलंडचा. उंचापुरा, आवाज कमावलेला. १८२२ मध्ये लंडनच्या एका लहानशा स्कॉटिश चर्चमध्ये आला आणि बघता बघता एवढी गर्दी व्हायला लागली, की रीजेंट स्क्वेअरमध्ये नवं मोठं चर्च बांधावं लागलं. ते १८२७ मध्ये उघडलं. पहिल्या मंडळीतली वरदानं आजही मिळायला हवीत, अशी त्याची शिकवण होती. १८३० मध्ये स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर लोक अन्य भाषांत बोलू लागल्याची बातमी आली आणि १८३१च्या शरद ऋतूत खुद्द त्याच्या चर्चमध्ये, भर उपासनेत, लोक उठून संदेश देऊ लागले.

आयर्विंगला स्वतःला हे वरदान कधीच मिळालं नाही, हे लक्षात ठेवा. त्यानं फक्त जागा करून दिली. पाळकाची दीक्षा नसलेली माणसं, त्यात स्त्रियाही, उपासनेत मध्येच बोलतात म्हणून विश्वस्तांनी प्रेसबिटरीकडे तक्रार केली. १८३२च्या वसंतात सुनावणी झाली. सुनावणीच्या दिवशी सकाळी रॉबर्ट बॅक्स्टर नावाचा एक वकील त्याला भेटायला आला. हा बॅक्स्टर त्या काळातला सगळ्यांत जोरकस संदेष्टा. १२६० दिवसांत प्रभू आपल्या लोकांना वर घेईल, हे भाकीत त्याच्याच तोंडून निघालं होतं. तो सांगायला काय आला होता? की आपण सगळे फसलो, मी बोललो ते देवाकडून नव्हतं. त्याची काही भाकितं तोवर खोटी ठरली होती, आणि शिकवणीबद्दलही त्याला शंका येऊ लागल्या होत्या. पुढच्या वर्षी त्यानं आपली हकिकत पुस्तकरूपानं छापली.

जरा विचार करा. खुद्द संदेष्टा येऊन म्हणतो, मी चुकलो. आयर्विंगनं काय केलं? मानलं नाही. बॅक्स्टर बोलत होता तेव्हा त्याच्यात देव होता, आता शंका घेतोय तर तो ढळलाय, असं धरलं. संदेष्ट्याचा होकार पुरावा म्हणून चालतो, पण त्याचाच नकार चालत नाही. आमच्या शास्त्रात अशा विधानाला आम्ही म्हणतो, की ते खोटं ठरूच शकत नाही अशी त्याची तजवीज केलेली आहे. असं विधान मजबूत दिसतं, पण प्रत्यक्षात ते आपल्याला काहीच कळवत नाही. कारण जग कसंही असलं तरी ते तसंच उभं राहणार.

आयर्विंगला चर्च सोडावं लागलं. शेकडो लोक त्याच्यामागे गेले. त्याच वर्षाच्या अखेरीस बँकर हेन्री ड्रमंड यांच्या तोंडून आलेल्या शब्दानं जॉन कार्डेल हा वकील पहिला ‘प्रेषित’ ठरला. १८३३च्या मार्चमध्ये ख्रिस्ताच्या मानवी स्वभावाबद्दलच्या शिकवणीवरून स्कॉटलंडच्या चर्चनं आयर्विंगची पाळकीय दीक्षा काढून घेतली. तो लंडनला स्वतःच्या लोकांत परत आला. तिथे त्याचं स्वागत कशानं झालं? संदेशानं. नव्यानं दीक्षा होईपर्यंत तू संस्कार करायचे नाहीस. ज्यानं या लोकांना बोलायला जागा दिली, त्यालाच आता त्यांच्या शब्दापुढे वाट बघावी लागली. काही आठवड्यांनी कार्डेलच्या हातून त्याला पुन्हा दीक्षा मिळाली. पुढे क्षयानं खंगलेला असताना, स्कॉटलंडमध्ये तुझ्या हातून मोठं कार्य होणार आहे या संदेशावर विश्वासून तो ग्लासगोला गेला. १८३४च्या डिसेंबरात तिथेच वारला. वय ४२.

त्याच्यानंतर ही मंडळी ‘कॅथलिक अपोस्टोलिक चर्च’ म्हणून ओळखली गेली. १८३५च्या जुलैपर्यंत बारा प्रेषित पूर्ण झाले. त्यांच्या हयातीतच प्रभू येणार असा विश्वास असल्यामुळे त्यांच्यामागे कोण, हा प्रश्नच कोणी ठेवला नव्हता. दीक्षेचा अधिकार मात्र फक्त प्रेषितांकडे. मग १८५५ मध्ये एकाच वर्षात तीन प्रेषित वारले. १८६० मध्ये हाइनरिख गायर या जर्मन संदेष्ट्यानं मोकळ्या जागांसाठी दोन नावं उच्चारली. उरलेल्या प्रेषितांनी ती मानली नाहीत. नवे प्रेषित नकोत, या दोघांना मदतनीस म्हणून घेऊ, असं ठरवलं. संदेशानंच नेमलेली माणसं आता संदेश नाकारत होती! गायर पुढे वेगळा झाला, १८६३ मध्ये हँबर्गची मंडळी फुटली आणि त्यातून आजचं ‘न्यू अपोस्टोलिक चर्च’ उभं राहिलं.

मूळच्या चर्चचं काय झालं? शेवटचा प्रेषित फ्रान्सिस वुडहाउस १९०१ मध्ये, नव्वदी ओलांडून, वारला. त्या दिवसापासून त्या चर्चमध्ये एकही दीक्षा झाली नाही. एकेक करून पाळक म्हातारे झाले, वेद्या बंद पडल्या. लंडनच्या गॉर्डन स्क्वेअरमधलं त्यांचं भव्य चर्च आजही उभं आहे. ही सगळी प्रामाणिक माणसं होती, हे मला ठासून सांगायचंय. वकील, बँकर, धर्मगुरू. पैशासाठी कोणी काही केलं नाही, उलट घातला. पण निर्णय बदलण्याचा रस्ताच त्यांनी ठेवला नव्हता.

आणि जी शाखा वाढली तिथे? १९५१च्या नाताळात तिचे मुख्य प्रेषित बिशॉफ, वय ८०, यांनी जाहीर केलं, की प्रभू माझ्या हयातीतच येईल. हा विश्वास पुढे बंधनकारक झाला, आणि विरोध करणारे प्रेषितही बाहेर काढले गेले. ६ जुलै १९६० रोजी बिशॉफ वारले. मागे राहिलेल्यांनी काय सांगितलं? शब्द चुकला असं नव्हे. देवानंच आपला विचार बदलला असणार, अशा अर्थाचं. बॅक्स्टरच्या वेळचाच न्याय. चूक देवाच्या खाती टाकली, आपल्या नाही.

तत्त्वज्ञान काय म्हणतं

चिठ्ठीत विचारलंय, तत्त्वज्ञान काय म्हणतं. दोघांची मतं सांगतो. कांट १७९८ मधल्या एका पुस्तकात म्हणतो, की देव खरोखर बोलला तरी तो देवच आहे हे माणसाला इंद्रियांनी ओळखता येणार नाही. पण काही वेळा तो देव नाही हे मात्र ओळखता येईल, म्हणजे तो आवाज उघड अनीती करायला सांगत असेल तेव्हा. कांटचं मला सगळंच पटत नाही, पण ही असमानता महत्त्वाची आहे. होकाराची खात्री कठीण असते, नकाराची कधी कधी सोपी.

दुसरा सार्त्र, पक्का निरीश्वरवादी. १९४५च्या प्रसिद्ध व्याख्यानात तो अब्राहामाची गोष्ट घेतो. देवदूताचा आवाज आला असं धरलं, तरी हा देवदूतच आहे हे शेवटी मीच ठरवतो. खूण आली तरी तिचा अर्थ मीच लावतो. सार्त्रला यातून देव नको आहे. पण मला विश्वासणारा म्हणून ते वाक्य उपयोगी पडतं. कारण अगब आणि पौल यांच्या प्रसंगात नेमकं हेच दिसतं. संदेश आला म्हणून पौलाचा निर्णय पौलाचा राहत नाही, असं होत नाही.

हे एकदा पटलं, की ‘प्रभूनं मला सांगितलं’ या वाक्याकडे वेगळं बघता येतं. ते दोन कामं करू शकतं. ‘मला असं जाणवलं, तुम्ही पारखा’ असं असेल तर ते बोलणं सुरू करतं. ‘आता चर्चा नको’ असं असेल तर बंद करतं. शब्द तेच असतात. मंडळीनं ते कसे घ्यायचे, हे मंडळीच्या हातात असतं.

माझं स्वतःचं

आता माझ्या आयुष्यातलं. बऱ्याच वर्षांपूर्वी मी एका चर्चच्या कमिटीवर होतो. नाव-गाव सांगत नाही. छप्पर गळत होतं, त्यासाठी लोकांनी पैसे जमवले होते. उपास-प्रार्थनेच्या दिवशी एका वडीलधाऱ्या, सगळ्यांना आदर असलेल्या बाईंनी संदेश दिला : जुनं सोडा, नव्या जागी जा. पुढच्याच आठवड्यात गावाबाहेरची एक जमीन सुचवली गेली. बाई खोट्या नव्हत्या. त्यांनी त्या जमिनीचं नावही घेतलं नव्हतं. ‘नवी जागा’ आणि ‘हीच जमीन’ यांच्यामधला सांधा आम्ही कमिटीतल्या लोकांनी जुळवला.

एका तरुण सभासदानं विचारलं, सातबारा नीट बघितलाय का, बिगरशेती परवानगीचं काय? त्याला उत्तर मिळालं, तुमचा विश्वास कमी पडतोय. मी तिथेच बसलो होतो. ज्ञानमीमांसा शिकवण्यात माझी हयात गेलेली. त्या मुलाचा प्रश्न संदेशाविरुद्ध नव्हता, फक्त तिसऱ्या पायरीवरचा होता, हे मला त्याच क्षणी कळत होतं. मी बोललो नाही. देवाविरुद्ध बोलणारा प्राध्यापक, असं व्हायला नको होतं मला. जमीन घेतली. परवानगी अडकली, पैसे अडकले, छप्पर पुढचे कित्येक पावसाळे गळत राहिलं. पैशाचं एक वेळ सोडा. तो मुलगा आणि त्याचं कुटुंब चर्चला यायचं बंद झालं. आणि त्या बाईंनी पुढे कधी प्रार्थनासभेत तोंड उघडलं नाही. आम्ही सगळा भार त्यांच्या एका वाक्यावर टाकला होता, आणि फसल्यावर दोषही त्यांच्याच पदरात पडला. पारख केली असती तर आम्ही त्यांनाही वाचवलं असतं. पारख संदेष्ट्याच्या विरोधात नसते, त्याच्या बाजूनं असते, हे मला तेव्हा कळलं नाही.

मग करायचं काय

१५३९ साली रोममध्ये इग्नेशियस लोयोला आणि त्याचे सोबती एका प्रश्नावर अडले होते : आपल्यातल्याच एकाच्या आज्ञेत राहण्याचं व्रत घ्यायचं का? त्यांनी एक पद्धत ठरवली. प्रत्येकानं एकट्यानं प्रार्थना करायची, एकमेकांना पटवायला जायचं नाही. मग एका दिवशी सगळ्यांनी विरुद्ध बाजूची कारणं सांगायची. हो, सगळ्यांनी. दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी बाजूची. त्या सोबत्यांत फ्रान्सिस झेव्हियरही होता, तोच जो तीन वर्षांनी, १५४२ मध्ये, गोव्याला उतरला. या पद्धतीत विरुद्ध कारण सांगणं हे बंड ठरत नाही, ते प्रत्येकाचं कर्तव्यच असतं. आमच्या कमिटीत ही रीत असती, तर त्या मुलाचा प्रश्न मलाही विचारावाच लागला असता.

प्रोटेस्टंट बाजूला क्वेकर लोकांच्या सभा बघा. तिथे मतदान नाही. शांत बसतात, बोलायचं ते बोलतात, आणि सभेचा कल काय आहे ते कारकून लिहून वाचून दाखवतो. एखाद्याची हरकत मनापासूनची असेल तर विषय पुढे ढकलतात. मोरावियनांच्या कोऱ्या चिठ्ठीसारखंच हे.

तेव्हा चिठ्ठी लिहिणाऱ्या माझ्या बंधूला किंवा भगिनीला माझं सांगणं असं. संदेश झिडकारू नका. ज्या शब्दांत आला त्याच शब्दांत लिहून घ्या, कारण आठवड्याभरात त्याला पाय फुटतात. मग त्या कागदावर बघा, बहिणीनं नेमकं काय म्हटलं होतं आणि कमिटीनं काय जोडलं. शास्त्राशी पडताळा. या निर्णयात कोणाचा फायदा आहे ते विचारा. ‘दिदाखे’ नावाचा फार जुना ख्रिस्ती ग्रंथ आहे, त्यातही संदेष्टा आत्म्याच्या नावानं स्वतःसाठी पैसे मागत असेल तर ऐकू नका असं बजावलं आहे. कागदपत्रं, पैसा, परवानग्या हे सगळं नेहमीसारखंच तपासा. घाई असेल तर ती कोणाची आहे, देवाची की आपली, हेही विचारा. आणि शेवटी ठराव लिहिताना ‘प्रभूनं सांगितलं म्हणून’ असं लिहू नका. ‘आम्ही प्रार्थना केली, ऐकलं, विचार केला आणि असं ठरवलं’ असं लिहा. यरुशलेमच्या पत्रात त्यांनी स्वतःचं नाव घातलं होतं. उद्या चुकलात तर ‘आम्ही चुकलो’ म्हणता येईल, आणि सुधारता येईल.

तुमच्या कमिटीत पहिलं वाक्य कोणीतरी बोलावं लागेल. ते तुम्हीच बोला. मला जमलं नव्हतं, म्हणून सांगतोय. ‘ताई, तुम्ही सांगितलंत ते आम्ही मनावर घेतलंय, आता मंडळी म्हणून आपण सगळे मिळून ते पारखू या’ एवढं म्हटलं तरी पुरे. त्यात देवाविरुद्ध काही नाही.